माटोळीतल्या पाकळ्या

गोकुळदासबाब शेटगावकर तेरा वर्षं जी वस्तू तपासत आले, ती कामाला लागली की पापणी लवायच्या आत जमिनीवर पडते. पडावी म्हणूनच ती केलेली असते. पडायला उशीर केला तर सगळं मुसळ केरात. हे त्यांच्या पार्से गावात समजावून सांगणं फार कठीण. तिथे ज्याने बांधलेला मांडव पडतो, त्याला पुढच्या वर्षी कोणी बोलावत नाही.

रणगाड्याचं चिलखत फोडणारा जो तोफगोळा असतो, त्यात गोळा असा नसतोच. असतो टंगस्टन नावाच्या जड धातूचा एक लांब, बारीक, टोकदार दांडा आणि त्याच्या शेपटाला बाणासारखी पाती. त्या दांड्यात स्फोटक चिमूटभरही नसतं. नुसतं वजन आणि वेग. वेग म्हणाल तर सेकंदाला दीड-पावणेदोन किलोमीटर. म्हापशाच्या स्टँडवरून सुटला तर नऊ-दहा सेकंदांत पार्से. बसला पाऊण तास लागतो, आणि वाटेत ड्रायव्हर चहाला उतरला तर तो वेगळा.

अडचण एवढीच की तोफेची नळी बारा सेंटिमीटर रुंद आणि दांडा जेमतेम अडीच-तीन सेंटिमीटर. नुसता आत सोडला तर ताटात शेवग्याची शेंग लोळावी तसा लोळेल. म्हणून दांड्याभोवती हलक्या अ‍ॅल्युमिनियमचं एक जाड आवरण घालतात. ते नळी भरून काढतं, मागून येणारा सगळा धक्का आपल्या अंगावर घेतं आणि दांड्याला सरळ बाहेर नेतं. आवरण अखंड नसतं, तीन फाकांचं असतं. तोंडातून बाहेर पडल्याबरोबर समोरचा वारा फाकांच्या बेचक्यात शिरतो, तीन फाका तीन दिशांना उडतात आणि दांडा एकटा पुढे जातो. डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या सुदेशबाबच्या वर्कशॉपमध्ये ह्या फाका होत. कागदावर त्यांना इंग्रजी नाव होतं, पण शॉपमध्ये सगळे त्यांना पाकळ्या म्हणत. तीन पाकळ्या मिळून एक संच.

हे सगळं गोकुळदासबाबनी बायकोला, सत्यवतीला, नोकरी लागली त्याच आठवड्यात नारळ सोलता सोलता समजावलं होतं.

"हो दांडो," ते सोललेला नारळ दाखवत म्हणाले, "आनी हें सोडण. भायर पडलें की सोडण उडवन दिवप."

सत्यवतीने खाली पडलेली काथ्याच्या सालाची तीन सोडणं पाहिली. "म्हणजे तुमी सोडणां करतात."

"तशें म्हण."

"पडपाचींच जाल्यार तीं इतकीं तपासतात कित्याक?"

ह्या प्रश्नाला गोकुळदासबाबनी तेरा वर्षांत निदान तेरा उत्तरं दिली असतील. खरं उत्तर असं की पडण्याचंही एक वेळापत्रक असतं. तिन्ही पाकळ्या एकाच क्षणी सुटायला हव्यात. एकीने केसभर उशीर केला तरी ती जाता जाता दांड्याला कोपर मारते, आणि पुढे दोन किलोमीटरवर त्या कोपरामुळे दांड्याचा नेम घराएवढा चुकतो. सत्यवतीला हे पटलं नाही असं नाही. पण गावात कोणी विचारलं की ती आपली सांगायची, "आमचे घरकार सोडणां तपासतात," आणि विचारणारा काथ्याचा कारखाना समजून पुढे जायचा.

त्याआधीची सव्वीस वर्षं गोकुळदासबाब डिचोली तालुक्यातल्याच एका खाणीच्या वर्कशॉपमध्ये होते. डंपर, पंप, ड्रिल. टंगस्टनशी त्यांची ओळख तिथली. खडक फोडणाऱ्या ड्रिलच्या टोकाला बसवलेले ते करडे दाणे, पोलाद झिजून जाईल पण ते झिजणार नाहीत. मग खाणी बंद झाल्या, आणि अर्ध्या तालुक्याबरोबर गोकुळदासबाबही घरी बसले. सुदेशबाबला तपासनीस हवा होता. मुलाखतीत त्याने एक पाकळी पुढे केली आणि विचारलं, "कशी आसा?" गोकुळदासबाबनी ती हातात फिरवली, कडेवरून अंगठ्याचं नख नेलं आणि म्हणाले, "हांगा कोणेंतरी घाई केल्या." पाकळी नापास झालेलीच होती. नोकरी मिळाली.

खरा दांडा त्यांनी आयुष्यात एकदाच हातात घेतला. दांडे दुसरीकडे होत, डिचोलीत नाही. एकदा माल द्यायला गेले असताना तिथल्या अधिकाऱ्याने कौतुकाने एक पुढे केला. हातभर लांब, जत्रेतल्या खाज्याच्या कांडीला दोन-तीन वर्षं चांगलं खायला घातलं तर होईल एवढा जाड. गोकुळदासबाबनी लोखंडाच्या अंदाजाने एक हात घातला आणि मनगट खाली गेलं. चार किलोंच्या वर वजन! टंगस्टनचा तांब्याभर तुकडा घेतला तर तो सतरा-अठरा किलो भरतो, पोलादाच्या दुपटीहून जास्त.

"टंगस्टन वितळवून ओतत नाहीत," हे ते नव्या माणसांना रंगवून सांगत. "वितळायला तीन हजार चारशे अंश लागतात, तेवढी चूल आणणार कुठून? त्याची भुकटी करायची, त्यात थोडं निकेल, थोडं लोखंड घालायचं, दाबायचं आणि भट्टीत ठेवायचं. निकेल-लोखंडाचा पाक होतो. टंगस्टनचे दाणे रव्यासारखे तसेच राहतात. पाक दाण्यांना धरून ठेवतो. रव्याचा लाडूच तो. फक्त दात लावू नका."

माणूस असा तपशिलाचा, तर घरी काय होत असेल? सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलचा भोंगा वाजवत आला की सहा उंडे घेताना गोकुळदासबाब प्रत्येक उंडा तळहातावर ठेवून बघत. "हो दाव्यान कलला." पोदेर म्हणे, "बाब, पोटांत गेल्यार सरळ जातलो." वर्कशॉपमध्ये मात्र हसायची कोणाची छाती नव्हती. सर्फेस प्लेटवर, म्हणजे मोजमापासाठीच्या त्या गुळगुळीत काळ्या फरशीवर, एकाने जेवणाचा डबा ठेवला होता, तर त्याला त्यांनी तो डबा मायक्रोमीटरने मोजून त्याचा तपासणी अहवाल लिहायला लावला होता.

त्यांचा एकच हट्ट होता. त्यांच्या सहीने बाहेर गेलेला एकही संच तेरा वर्षांत परत आला नव्हता. एकतीस ऑक्टोबरला साठ पूर्ण करून निवृत्त व्हायचं, ते हे शून्य बरोबर घेऊन. सुदेशबाबने निरोपसमारंभासाठी पेंटरकडून फळाही रंगवून घेतला होता: 'श्री. गोकुळदास शेटगावकर. तेरा वर्षे. एकही संच परत नाही.' फळा ऑफिसात भिंतीकडे तोंड करून ठेवला होता. ते गुपित सगळ्या शॉपला माहीत होतं, गोकुळदासबाबना धरून.

आता माटोळी. चवथीला गोव्यातल्या घराघरात गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगतात आणि तिला रानातली फळं, सुपाऱ्या, नारळ, कांगलां, जे जे मिळेल ते केवणीच्या सालीच्या दोराने बांधतात. शॉपमध्ये गणपती नव्हता. पण खंडेनवमीला यंत्रांची पूजा होई, आणि गोकुळदासबाबनी दुसऱ्याच वर्षी तिथे माटोळी सुरू केली. घरच्या माटोळीला रानातलं, तर शॉपच्या माटोळीला शॉपमधलं. मोडके ड्रिल, झिजलेले बेअरिंग, स्प्रिंगा, आणि मधोमध कमळासारख्या रचलेल्या नापास पाकळ्या. नापास मालावर लाल रंग मारलेला असतो, त्यामुळे कमळ आपोआप लाल होई. आजूबाजूच्या शेडमधली माणसं मुद्दाम बघायला येत.

ह्या वर्षीची माटोळी त्यांची शेवटची. खंडेनवमीच्या सकाळी स्टुलावर चढून ते बांधत होते आणि खालून सुभाष एकेक वस्तू देत होता. सुभाष गडहिंग्लजचा. पाकळ्यांच्या मशीनवर नऊ वर्षं. गोकुळदासबाबनी त्याला इतके वेळा नापास केलं होतं, की आता तो चुकतच नव्हता.

"बाब, औंदा कमळ लई बोडकं दिसतंय बगा."

"आनी पाकळ्यो दी."

"संपल्या की. लाल डब्यात सातच हुत्या."

"सात? सबंद वर्सांत?"

"सातच."

गोकुळदासबाब स्टुलावरून त्याच्याकडे बघत राहिले. "तुका कोणें सांगिल्लें इतकें बरें काम करपाक?"

कमळाला सोळा पाकळ्या लागत. नऊ कमी. बाजूच्या टेबलावर पिवळ्या ट्रेमध्ये सोमवारच्या तपासणीचा माल होता, चाळीस संच, प्रत्येक पाकळीला तारेने बांधलेली चिठ्ठी. नंबर कायमचा कोरायचा तो शेवटचा मुलामा दिल्यावर, तोवर चिठ्ठी हीच पाकळीची ओळख. एकतीस, बत्तीस आणि तेहेतीस नंबरचे संच वरच होते.

त्यांतल्या नऊ पाकळ्या माटोळीला घ्यायचं दुसऱ्या कोणी सुचवलं असतं तर गोकुळदासबाबनी त्याला त्या दिवशी फुलं आणायलासुद्धा ठेवला नसता. पण माटोळी बोडकी ठेवायची? शेवटची? देवासमोर? दोन तासांचा तर प्रश्न. तारेच्या चिठ्ठ्या कमळात वाईट दिसतील म्हणून त्यांनी त्या स्वतःच्या हाताने सोडल्या, नंबरवार शर्टाच्या खिशात ठेवल्या आणि नऊ पाकळ्या क्रमाने बांधल्या. उतरवायच्या त्या आपणच, त्याच क्रमाने, असं मनात पक्कं होतं.

आरती झाली. शेजारच्या शेडची माणसं आली. "गोकुळदासबाब, ह्या वर्सा माटोळी एक नंबर!" सुदेशबाबने त्यांना प्रसाद वाटायला बोलावलं. शेवटचं वर्ष, हा पाया पडतोय, तो फोटो काढतोय. परत आले तर माटोळीत फक्त सात लाल पाकळ्या होत्या, आणि सुभाष आनंदाने उभा होता.

"बाब, तुमचं गुडघं दुखत्यात न्हवं? मीच चढलो. चांगल्या नऊच्या नऊ काढून, पुसून, ट्रेमदी ठेवल्यात बगा."

नऊ पाकळ्या पंगतीला बसवल्यासारख्या ओळीत होत्या. चकचकीत. सगळ्या सारख्या. गोकुळदासबाबनी खिशावर हात ठेवला. आत चिठ्ठ्या अगदी नंबरवार होत्या.

"काय झालं वो?" सुभाषने विचारलं, आणि मग त्यालाही कळलं. "आयला!"

एखाद्याला वाटेल, सगळ्या सारख्याच तर आहेत, बांधा कुठलीही चिठ्ठी कुठेही. तसं नसतं. तिन्ही पाकळ्या एकत्र आवळून धरतात आणि मग त्यांच्या आत आटे पाडतात. ह्याच आट्यांनी त्या दांड्याला धरून ठेवतात. एका संचातली पाकळी दुसऱ्यात गेली, तर आटे केसभर पुढे-मागे होतात, पकड एका बाजूला जास्त होते, आणि मग ते मघाचं कोपर.

दुसऱ्या दिवशी दसरा, शॉप बंद. गोकुळदासबाब सकाळच्या बसने डिचोलीला आले. सुभाष त्यांच्याआधी येऊन पायरीवर बसला होता. दोघांनी कुलूप उघडलं, टेबलावर पांढरा लेंस, म्हणजे मोठा रुमाल, पसरला आणि त्यावर नऊ पाकळ्या मांडल्या.

कातकामाच्या हत्याराने धातूवर बारीक रेघा उठतात. डोळ्याला दिसत नाहीत, भिंगातून दिसतात. तीन पाकळ्या एकत्र कातलेल्या असतील तर एकीवरची रेघ पुढच्या पाकळीवर तशीच चालू राहते, तुटत नाही. गोकुळदासबाब दोन पाकळ्या शेजारी लावत, भिंग धरत, मान हलवत, बाजूला ठेवत. सुभाषने एकदा तोंड उघडलं. "बाब, चूक माजी हाय. मीच उतरवल्या."

"तुवें उतरयल्यो. चिठ्ठ्यो कोणें सोडल्यो?"

सुभाषने पुढची पाकळी त्यांच्याकडे सरकवली.

दुपारी, गावात देवाचे सजवलेले खांब मिरवायला निघतात त्या वेळी, सत्यवतीचा फोन आला. "तरंगां भायर सरलीं. तुमी खंय?"

"पाकळ्यो जुळयतां."

"चाळीस वर्सां दसऱ्याक सोडणां जुळयल्लो घोव माकाच मेळ्ळो!" असं म्हणून तिने फोन ठेवला. तेराची चाळीस तिने रागात केली होती.

तीन वाजता तीन संच जुळले. मग कुठला एकतीस आणि कुठला तेहेतीस हे ठरवायला वजनं घेतली. तपासणीच्या कागदावर प्रत्येक पाकळीचं वजन ग्रॅमात लिहिलेलं होतं. सगळी जुळली. बत्तीसमधल्या दोन पाकळ्यांचं वजन अगदी एकच, त्यामुळे त्यांतली पहिली कुठली आणि दुसरी कुठली हे सांगता येईना, पण दोन्ही बत्तीसच्याच.

"सुटलो!" सुभाष म्हणाला. "बांधा चिठ्ठ्या. कोणाला कळतंय?"

गोकुळदासबाबनी चिठ्ठ्या खिशातून काढल्या आणि टेबलावर ठेवल्या. बांधल्या नाहीत.

"आता काय?"

"जुळल्यो म्हूण माका दिसता," ते म्हणाले. "तें खंयच्या रकान्यांत बरोवं?"

"रकान्यात कशाला लिवायचं? सही करा."

"सही म्हणजे तेंच न्हय रे? सही म्हणजे माका दिसता न्हय. सही म्हणजे आसा."

सोमवारी तपासणीला ऋतिका आली. तिशीच्या आतली, पुण्याची, माल घेणाऱ्यांची तपासनीस. कमी बोलणारी आणि चहा थंड करून पिणारी. तिच्यापुढे चाळीस संचांच्या कागदांबरोबर गोकुळदासबाबनी हाताने लिहिलेला एक कागद होता. सुदेशबाबला तो कागद दहा मिनिटांपूर्वीच दाखवला होता, आणि तेव्हापासून तो खुर्चीवर बसत होता, उठत होता.

"गोकुळदासबाब, कित्याक? सगळें जुळ्ळां मू?"

"जुळ्ळां."

"मागीर? तुमी वीस दिसांनी घरा वतलात! तो फळो..."

"फळो माका खबर ना," गोकुळदासबाब म्हणाले. सुदेशबाबचा चेहरा पडला.

ऋतिकाने कागद वाचला. पुन्हा वाचला. "'संच ३१, ३२, ३३ यांच्या चिठ्ठ्या तपासनिसाने सोडल्या. कारण: माटोळी.' माटोळी म्हणजे काय?"

गोकुळदासबाबनी तिला आत नेलं. माटोळी अजून टांगलेली होती, सात लाल पाकळ्या आणि मधली रिकामी जागा. त्यांनी सगळं सांगितलं. केवणीचा दोर, लाल डबा, बोडकं कमळ. सुभाषचं नाव आलं नाही. सुभाष मशीनमागून म्हणाला, "उतरवल्या मी हुत्या मॅडम," आणि लगेच मशीन चालू केलं, पुढचं ऐकू येऊ नये म्हणून.

ऋतिका हसली नाही. ती म्हणाली, "तुम्ही जरा बाहेर थांबा."

तिने नऊ पाकळ्यांच्या पाठीवर पेन्सिलीने खुणा केल्या, त्यावर कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या, पाकळ्या ढवळल्या आणि त्यांना आत बोलावलं. "पुन्हा जुळवा."

गोकुळदासबाबनी भिंग घेतलं. ह्या वेळी पाऊण तासच लागला. रेघा आता ओळखीच्या झाल्या होत्या. ऋतिकाने पट्ट्या काढल्या. तेच तीन संच. मग तिने स्वतः आट्यांमध्ये गेज फिरवलं. कुठे अडकलं नाही.

सुदेशबाबने श्वास सोडला. "म्हणजे चाळीसच्या चाळीस..."

"सदतीस," ऋतिका म्हणाली. "तीन संच मी घेणार नाही. जुळलेत, मला मान्य आहे. पण यांची ओळख मधल्या काळात कुणाकडे नव्हती. तेवढा काळ माझ्या कागदावर बसत नाही." मग जरा थांबून गोकुळदासबाबना म्हणाली, "तुम्हाला वाईट वाटलं का?"

"वाटलें," गोकुळदासबाब म्हणाले. "पण तुमी घेतले असतेत, तर मीच विचारलं असतं, का घेतले म्हणून."

तिने निकालाच्या खाली सही केली. त्यांनी शेजारी केली. सदतीस मान्य, तीन नामंजूर. तेरा वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या सहीवर त्या रकान्यात शून्याच्या जागी दुसरा आकडा आला. जाता जाता ऋतिकाने माटोळीचा मोबाइलवर फोटो काढला. "आमच्याकडे नापास माल नुसता भंगारात जातो," म्हणाली.

बाकीचे दिवस गोकुळदासबाब रोजच्यासारखे आले, रोजच्यासारखे गेले. फक्त एकदा पोदेराने दिलेले सहाच्या सहा उंडे न बघता पिशवीत टाकले, तेव्हा पोदेरानेच विचारलं, "बाब, जीव बरो आसा मू?"

एकतीस तारखेला शॉपमध्ये खुर्च्या मांडल्या. सत्यवती पार्सेहून नवी साडी नेसून आली होती. सुदेशबाबने शाल घातली, नारळ दिला, भाषणात दोनदा अडखळला आणि फळा भिंतीकडून वळवला. 'तेरा वर्षे. एकही संच परत नाही.' टाळ्या पडल्या.

गोकुळदासबाब उठले, फळ्याजवळ गेले आणि चष्मा वर करून वाचू लागले. टाळ्या थांबल्या. सुभाष सत्यवतीच्या कानाशी कुजबुजला, "वयनी, आता हे फळाबी नापास करत्यात बगा."

"सुदेशबाब, लाल रंग आसा?"

"आज सोडात, गोकुळदासबाब! बाहेर गेलेला एक तरी संच परत आला काय? हे तीन तर बाहेर गेलेच नाहीत!"

"म्हूण तर. फळ्यार बरयलें तें फट न्हय, खरें. पण अर्दें."

सुभाषने नापास मालाचा रंगाचा डबा आणि ब्रश आणून दिला. गोकुळदासबाबनी शाल सावरली आणि पेंटरच्या सुबक अक्षरांखाली आपल्या तपासणीच्या बारीक अक्षरात लिहिलं: 'नामंजूर: तीन संच. कारण: माटोळी.' पुढे तारीख टाकली आणि सही केली.

मग सत्यवतीने हातातल्या पिशवीतून लेंस काढून त्यांच्या बोटाला लागलेला लाल रंग पुसला.

"नऊ पाकळ्यो खंय आसात?" तिने विचारलं.

"लाल डब्यांत."

"म्हणजे फुडल्या वर्सा कमळाक सोळा जाल्यो."

गोकुळदासबाबनी मनात मोजलं. सात आणि नऊ. बरोबर सोळा होत होत्या. "सुभाष," ते म्हणाले, "फुडल्या खंडेनवमीक स्टुलाचेर हांव चडटलो. तूं सकयल रावपाचें."

"चढा की," सुभाष म्हणाला. "पर उतरवायच्याबी तुमीच."

फळा आता ऑफिसच्या दारावर आहे. येणारे-जाणारे वरची ओळ वाचून मान डोलावतात, खालची वाचून थांबतात आणि माटोळी म्हणजे काय ते विचारतात. सुभाष सांगतो, गडहिंग्लजच्या मराठीत, स्टुलावर कोण चढलं होतं त्यासकट.